टोल्किन यांच्या एल्फ-भाषांतील प्रकाशवाचक शब्द

कल्पित भाषेच्या शब्दसंग्रहाचा व्युत्पत्तिदृष्ट्या विचार करणे कितपत युक्त आहे, असा प्रश्न प्रारंभीच उपस्थित होणे स्वाभाविक आहे. जी भाषा कोणत्याही समाजाने बोलली नाही, जिचे शिलालेख नाहीत, जिचे झाडून सारे शब्द एका व्यक्तीने आपल्या अभ्यासिकेत बसून घडविले, तिच्यातील धातू शोधावयाचे म्हणजे यजमानानेच दडवून ठेवलेली वस्तू त्याच्याच सांगण्यावरून शोधून काढण्यासारखे आहे, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या बाबतीत तो पुरता लागू पडत नाही. ऑक्सफर्ड येथे १९२५ पासून प्राचीन इंग्रजीचे आणि १९४५ ते १९५९ या काळात इंग्रजी भाषा व वाङ्मयाचे प्राध्यापक असलेल्या या भाषाशास्त्रज्ञाने आपल्या भाषांना ध्वनिनियम घालून दिले आणि ते नियम पुढे स्वतःलाही बंधनकारक मानले. नियम मोडणारे रूप एकदा छापले गेले, की त्याचा उलगडा करण्यासाठी त्यांना नवा धातू योजावा लागे. असा एक प्रसंग प्रकाशवाचक शब्दांतच सापडतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्रस्तुत लेखात 'क्वेन्या' आणि 'सिंदारिन' या त्यांच्या दोन प्रमुख एल्फ-भाषांतील प्रकाशवाचक शब्दांचा परामर्श घ्यावयाचा आहे. पहिलीच्या घडणीवर फिनिश भाषेचा, दुसरीच्या घडणीवर वेल्शचा ठसा आहे. दोन्ही एकाच कल्पित मूळ भाषेपासून निघाल्या अशी मांडणी आहे. येथे दोन कालक्रम निराळे ठेवावयास हवेत. एक, कथेतील भाषेचा इतिहास. दुसरा, लेखकाच्या हस्तलिखितांचा इतिहास : १९१५ च्या सुमारास आरंभिलेला पहिला कोश, १९३७ च्या आसपासची धातुसूची, पुत्र ख्रिस्टोफर यांनी १९७७ साली संपादित केलेल्या 'सिल्मारिल्यन'ला जोडलेले नामघटकांचे परिशिष्ट, आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने प्रकाशित झालेली टिपणे. पहिला कोश छापून बाहेर यावयास १९९८ साल उजाडले, धातुसूची १९८७ साली आली. या दोन कालक्रमांची सरमिसळ केली, की अभ्यासकाच्या हाती शब्दांची नुसती यादी उरते.

ज्यांनी मूळ ग्रंथ वाचले नसतील त्यांच्यासाठी कथाभाग थोडक्यात असा. सूर्यचंद्रांच्या पूर्वी पश्चिमेकडील देवभूमीत दोन वृक्ष प्रकाशत होते. तेल्पेरिओन रुपेरी, लाउरेलिन सोनेरी. फेआनोर नावाच्या एल्फ कारागिराने त्यांचा प्रकाश तीन रत्नांत साठविला, तीच सिल्मारिले. पुढे वृक्ष नष्ट झाले. त्यांच्या शेवटच्या फुलापासून चंद्र आणि शेवटच्या फळापासून सूर्य झाला, आणि मूळ अखंड प्रकाश केवळ त्या रत्नांत उरला. एल्फांपैकी काहींनी वृक्षांचा प्रकाश डोळ्यांनी पाहिला होता, पुष्कळांनी पाहिला नव्हता. या शब्दसंग्रहाची सारी रचना या एका भेदावर उभी आहे.

आपली कोशपरंपरा पर्यायांची आहे. 'अमरकोशा'त प्रभा, द्युती, दीप्ती, रोचिस् हे शब्द एका पंक्तीला बसतात. छंदाची गरज आणि रसाचे औचित्य पाहून कवीने त्यांतून निवड करावी. त्या सवयीने एल्फ-शब्दांकडे पाहिले तर तेथेही विपुल पर्याय आहेत असे वाटेल. वस्तुतः तेथे पर्याय जवळजवळ नाहीतच. प्रत्येक शब्द प्रकाशाचा उगम सांगतो. 'लाउरे' हा शब्द घ्यावा. परिशिष्टात त्याचा अर्थ 'सोने' असा देऊन लगेच पुस्ती जोडली आहे, की हे सोने प्रकाशाचे आणि वर्णाचे, धातूचे नव्हे. धातूला 'मल्ता' हा वेगळा शब्द आहे. आपण 'सोनेरी ऊन' म्हणतो तेव्हा खाणीतील धातूपासून आकाशातील प्रकाशाकडे जातो. क्वेन्यात सोनेरी प्रकाशाला धातूची उसनवारी करावी लागत नाही, कारण तो प्रकाश सूर्याच्याही आधी होता.

याच्या उलट टोकाला 'सिल्' हा धातू आहे; अर्थ, शुभ्र वा रुपेरी प्रकाशाने चमकणे. चंद्राचे नाव 'इसिल' (सिंदारिनमध्ये 'इथिल') या धातूचे, आणि 'सिल्मे' हा शब्द मात्र ताऱ्यांच्या प्रकाशाचा. इंग्रजी वाचकाला यात किंचित घोटाळा वाटतो, कारण त्याच्या भाषेत चंद्राचा प्रकाश आणि ताऱ्यांचा प्रकाश यांना दोन शब्द आहेत. मराठी वाचकाला तो वाटण्याचे कारण नाही. आपले 'चांदणे' पौर्णिमेचेही असते आणि चंद्र नसलेल्या रात्री केवळ चांदण्यांचेही असते. 'सिल्' या धातूचा अर्थविस्तार मराठीच्या एका शब्दात जसा मावतो तसा इंग्रजीच्या एका शब्दात मावत नाही. मोरियाच्या पश्चिमद्वारावरील चित्रे ज्या द्रव्याने काढलेली आहेत त्याचे नाव 'इथिल्दिन', म्हणजे शब्दशः 'चंद्र-तारा'. ते द्रव्य केवळ चंद्राच्या वा ताऱ्यांच्या प्रकाशात उमटते. चांदण्यात उमटणारे, एवढे म्हटले की काम भागते. अर्थात या सोयीवरून कोणी भलताच निष्कर्ष काढू नये. क्वेन्यात प्रकाशाला 'कला' म्हणतात आणि आपल्याकडे चंद्राला कला असतात, यावरून संबंध जोडणारा एखादा उत्साही विद्यार्थी दर वर्षी भेटतोच. बाह्य ध्वनिसाम्यावरून आपल्या नावांचे मूळ शोधणाऱ्यांविषयी टोल्किन यांनी १९६७ च्या एका पत्राच्या मसुद्यात पुरेशी नाराजी व्यक्त करून ठेवली आहे.

साम्य शोधावयाचे तर ते रूपप्रक्रियेत शोधावे. 'अ सीक्रेट व्हाइस' हे त्यांचे १९३१ चे व्याख्यान १९८३ साली छापले गेले तेव्हा त्याच्या टिपांत एका क्वेन्या कवितेचे उत्तरकालीन रूप आणि शब्दार्थ प्रसिद्ध झाले. त्यात 'सिसीलला' हे रूप आहे : 'सिल्' धातूच्या आद्य अवयवाची द्विरुक्ती करून पुनःपुन्हा, सातत्याने चमकण्याचा अर्थ साधला आहे. पाणिनीय परिभाषेत ज्याला 'अभ्यास' म्हणतात तो हाच. 'दीप्'पासून 'देदीप्यमान', 'ज्वल्'पासून 'जाज्वल्यमान' ही रूपे मराठीनेही उचललेली आहेत. तुलनात्मक व्याकरणात मुरलेल्या माणसाला ही प्रक्रिया अपरिचित असणे शक्य नव्हते. परंतु तिचा उपयोग त्यांनी नेमका प्रकाशाच्या धातूसाठी केला, हे लक्षणीय आहे. स्थिर प्रकाशाला अशा रूपाची गरज नसते. थरथरणाऱ्या, विझू पाहणाऱ्या प्रकाशाला असते.

तारा या अर्थाचे शब्द तीन. 'तिन्वे' म्हणजे ठिणगी, लुकलुकणारा बिंदू. सिंदारिनमधील 'गिल' हा नित्याचा तारावाचक शब्द. तिसरा आणि सर्वांत प्राचीन म्हणून सांगितलेला 'एल' अथवा 'एलेन'. याची व्युत्पत्ती टोल्किन यांनी एल्फांच्याच आख्यायिकेच्या रूपाने दिली आहे. सूर्यचंद्र नसलेल्या काळी एल्फ प्रथम जागे झाले, त्यांनी वर पाहिले आणि त्यांच्या तोंडून 'एले!' असा उद्गार निघाला, अर्थ, 'पाहा!' या उद्गारापासून ताऱ्याचा शब्द झाला आणि ताऱ्यांच्या शब्दापासून 'एल्दार' हे लोकनाम. म्हणजे या भाषेतील सर्वांत जुना प्रकाशवाचक शब्द चमकण्याच्या क्रियेपासून निघालेला नाही, पाहण्यापासून निघाला आहे. संस्कृतात 'लोक्' धातू पाहण्याचा, आणि 'आलोक' म्हणजे दर्शनही, प्रकाशही. 'काश्' म्हणजे दिसणे, दिसू लागणे; 'प्रकाश' त्यापासूनच. आपल्या भाषेने जे नकळत केले ते येथे एका आख्यायिकेत जाणीवपूर्वक गुंफले आहे. बघणाऱ्याशिवाय प्रकाशाला नाव नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

संधिप्रकाशाचे शब्दही असेच ताऱ्यांच्या बाजूने पाहतात. 'तिंदोमे' ही तारे मावळण्याची पहाटवेळ, 'उंदोमे' ही तारे उमलण्याची सायंवेळ. मराठीत सायंकाळला 'कातरवेळ' म्हणताना मन दबते. काहीतरी निघून चालले आहे ही भावना त्या शब्दात आहे. एल्फांना सायंकाळी काहीतरी येत असते. त्यामुळे 'लोमे' हा रात्रीचा, धूसर काळोखाचा शब्द क्वेन्यात कोमल आहे. बुलबुलासारख्या रात्री गाणाऱ्या पक्ष्याचे नाव त्यावरून पडते. भयाचा काळोख 'मोर्' या निराळ्या मुळाचा : मोरिया, मोर्दोर, मोर्गोथ. प्रकाश-अंधाराच्या द्वंद्वाची कथा म्हणून या साहित्याकडे पाहणारे टीकाकार अंधाराला येथे दोन स्वतंत्र शब्द आहेत, ही गोष्ट बहुधा ध्यानातच घेत नाहीत.

आता 'कल्' या मुख्य धातूकडे वळू. अर्थ, प्रकाशणे. 'कला' (प्रकाश), 'कल्मा' (दिवा) हे त्याचे सरळ शब्द. सिंदारिनमधील 'कलेन' म्हणजे हिरवा. व्युत्पत्तीने मात्र 'उजळ'. 'अग्लार' म्हणजे तेज आणि कीर्तीही. क्वेन्यात तोच शब्द 'अल्कार' असा होतो. ग-ल यांच्या जागी ल-क हा वर्णविपर्यय, हिंदीतील 'डूबना' आणि मराठीतील 'बुडणे' यांत दिसतो त्याच जातीचा. येथवर सारे सरळ आहे. अडचण येते ती गलाद्रिएल या नावापाशी.

१९७७ च्या परिशिष्टात हे नाव 'कल्' धातूखाली नोंदविलेले आहे. 'गलद' म्हणजे तेज, त्याला गुंफण्याच्या धातूपासून झालेल्या 'रिएल'ची जोड. एकूण अर्थ, तेजस्वी माला मस्तकी धारण केलेली कन्या. रोख तिच्या केसांकडे आहे. पुढे ती वृक्षांच्या प्रदेशात राहू लागल्यावर लोकांनी 'गलध' म्हणजे झाड या शब्दाशी नावाचा संबंध जोडला व उच्चारही तसा बदलला, ही लोकव्युत्पत्तीही तेथेच नोंदविली आहे. परंतु सिंदारिनच्या नियमानुसार शब्दारंभीचा 'क' सहसा 'क'च राहतो, जसे 'कलेन'. तो 'ग' होतो समासातील उत्तरपदात किंवा विशिष्ट स्थानी. मग नावाच्या आरंभीच 'ग' कसा? 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४–५५ साली छापून गेले होते, नाव बदलणे शक्य नव्हते. १९६८ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणात उत्तर सापडते. तेथे 'गलद' हा शब्द मूळच्या अनुनासिक 'ङ'ने आरंभ होणाऱ्या 'ङल्' या वेगळ्या धातूचा ठरविला आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे : परावर्तित प्रकाशाने झळकणे.

ध्वनिनियमाची अडचण दूर करण्यासाठी योजलेल्या धातूने अर्थाच्या क्षेत्रात एक नवी सीमारेषा आखली, असे मला वाटते. आता स्वतः प्रकाशणारे ते 'कल्'चे, दुसऱ्याच्या प्रकाशाने झळकणारे ते 'ङल्'चे. गलाद्रिएलच्या केसांत वृक्षांचा प्रकाश गुंतला आहे अशी कथेत वदंता आहे. तिच्या कुपीत एका ताऱ्याचा प्रकाश साठविलेला आहे. तिचा आरसा पाण्याचा आहे. जे प्रकाश तिच्याभोवती आहेत ते सारे दुसऱ्याचे, तिने धारण केलेले. कथा आधी छापली गेली आणि धातू वर्षांनंतर सुचला, तरी दोहोंचा सांधा जुळला. यास्काने 'देव' शब्दाच्या दान, दीपन आणि द्योतन अशा व्युत्पत्ती शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांत त्याला विरोध दिसला नाही. टोल्किन यांचा पिंड एकोणिसाव्या शतकातील ध्वनिनियमवाद्यांचा. त्यांना एकच व्युत्पत्ती खरी मानावी लागे, बाकीच्या कथेतील लोकांच्या गैरसमजुती म्हणून खाती टाकाव्या लागत.

त्या पिढीचा संस्कार एका अक्षरनामातही दिसतो. एल्फ-लिपीतील 'झ' या वर्णाचे नाव मुळात 'आझे', म्हणजे सूर्यप्रकाश. पुढे क्वेन्यात 'झ'चा 'र' झाला. शब्द 'आरे' बनला. ज्या ध्वनीसाठी अक्षर होते तो ध्वनीच राहिला नाही, तेव्हा ते अक्षर 'स्स'साठी वापरात आले आणि त्याला 'एस्से' असे नवे नाव मिळाले. स-झ-र ही वाट भारतीय अभ्यासकांना ठाऊक आहे : वैदिक 'उषस्'ची लॅटिन सगोत्र 'ऑरोरा' त्याच वाटेने गेली आहे.

या शब्दसंग्रहात खरे काय पणाला लागले आहे, ते लोकनामांत दिसते. वृक्षांचा प्रकाश पाहिलेले ते 'कलाक्वेंदी', प्रकाशाचे एल्फ. न पाहिलेले ते 'मोरिक्वेंदी', अंधाराचे एल्फ. 'मोरिक्वेंदी'च्या ठायी कोणताही दोष नाही, त्यांचा प्रवास पूर्ण झाला नाही इतकेच. हे नाव त्यांनी स्वतःला दिलेले नाही, आणि ज्यांनी दिले त्यांनी भयाच्या काळोखाचे मूळ त्यात वापरले. कोमल 'लोमे' वापरली नाही. नाव देण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो तो दुसऱ्याला कोणता अंधार द्यावयाचा हेही ठरवितो. आपल्याकडील ग्रंथांत परकीयांना दिलेली नावे वाचणाऱ्याला हे अधिक सांगावयास नको.

'सिल्मारिल्यन'मधील एका प्रसंगी फेआनोरचा पुत्र कारंथिर भर सभेत थिंगोल राजाचा उल्लेख आपल्या गुहांत राहणारा 'अंधाराचा एल्फ' असा करतो. विशेष असे की थिंगोलने वृक्षांचा प्रकाश पाहिलेला होता. आपल्या साऱ्या प्रजेत एकट्या त्याची गणना 'मोरिक्वेंदी'त होत नव्हती. म्हणजे वर्णनपर शब्द शिवी बनला आणि शिवी म्हणून वापरताना तो वस्तुस्थितीला सोडून गेला. शब्दाच्या अर्थाचा असा अपकर्ष जिवंत भाषांत नित्य घडतो. कल्पित भाषेत तो घडवून आणणे, आणि तोही कोशात न सांगता कथेत एका पात्राच्या तोंडून, ही गोष्ट मला टोल्किन यांच्या ध्वनिनियमांहूनही मोलाची वाटते.

'अंधाराचा एल्फ' हे बिरुद ज्याला कायमचे चिकटले तो एओल. त्याने शोधलेल्या धातूचे नाव 'गल्वोर्न' : झळाळीचा 'गल्' आणि काळा 'मोर्न' एकाच समासात. आरशासारखा चकचकीत आणि तरीही काळा असा तो धातू. त्याच्या मुलाला दोन नावे आहेत. आईने मनोमन ठेवलेले, तेथे निषिद्ध असलेल्या तिच्या मातृभाषेतील नाव 'लोमिओन', संधिप्रकाशाचे मूल. बापाने बाराव्या वर्षी ठेवलेले नाव 'माएग्लिन', तीक्ष्ण दृष्टीचा; त्यातील 'ग्लिन' ही डोळ्यांतील चमक. एका घरात प्रकाशाचे तीन शब्द, तीन निराळ्या मुळांचे, आणि त्यांपैकी एकही 'कलाक्वेंदीं'च्या उज्ज्वल 'कला'चा नाही. कथेच्या दृष्टीने हे घर शोकांताचे आहे. शब्दांच्या दृष्टीने ते साऱ्या ग्रंथातील सर्वांत समृद्ध घर आहे.

या विषयावरील व्हर्लिन फ्लीगर यांचा १९८३ चा 'स्प्लिंटर्ड लाइट' हा ग्रंथ मान्यता पावला आहे. मूळ अखंड प्रकाश जसा खंडित होत गेला तशी भाषाही खंडित होत गेली, असा त्यांचा सिद्धांत, आणि ओवेन बारफील्ड यांच्या भाषाविचाराशी त्यांनी त्याचा सांधा जोडला आहे. कथेच्या प्रवाहाविषयी हे बरोबर आहे. शब्दांविषयी मात्र ते पूर्ण सत्य नाही. वृक्षांच्या अखंड प्रकाशात राहणाऱ्याला परावर्तनाचा, काळ्या चकाकीचा, डोळ्यांतील चमकेचा वेगळा धातू लागत नाही. हे शब्द खंडित प्रकाशाची कमाई आहेत. जे हरपले त्याचा शोक कथेने करावा. कोशाने त्याच काळात भर घातली, याचीही नोंद व्हावयास हवी.

एका नावाचा उल्लेख राहिला. 'क्राइस्ट' या प्राचीन इंग्रजी काव्यात टोल्किन यांना 'एआरेंडेल' हा शब्द भेटला. जुन्या शब्दार्थसूचींत त्याचा अर्थ तेज, उषा असा दिलेला आहे. त्या शब्दाच्या सौंदर्याने ते भारले गेले, आणि सप्टेंबर १९१४ मध्ये त्यांनी त्यावर कविता रचली. त्यांच्या साऱ्या पुराणकथेचा उगम येथून सांगितला जातो. पुढे हे नाव एल्फ-भाषेत बसवावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी त्याची फोड 'एआर' म्हणजे सागर आणि '-न्दिल' म्हणजे अनुरागी अशी केली : सागरप्रेमी. मूळ शब्दातील प्रकाश व्युत्पत्तीतून संपूर्ण गेला. तो कथेत परतला. शेवटचे सिल्मारिल भाळी बांधून जो नाविक आकाशात तारू हाकतो आणि पहाटे-सायंकाळी तारा म्हणून दिसतो, त्याचेच नाव एआरेंदिल आहे. आणि त्या नावाच्या दोन्ही घटकांत प्रकाशाचा एकही धातू नाही.